धाकटीचं माप

तेरमध्ये गोरोबाकाकांच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला दैवशालाबाईंचं शिलाई मशीन आहे. दुकान म्हणावं असं काही नाही. घराचीच पुढची खोली, भिंतीला आरसा आणि खिळ्याला टांगलेली मापाची वही. गावातल्या निम्म्या पोरींचं वाढणं त्या वहीत आहे. कुणाचा खांदा कोणत्या वर्षी किती होता, ते बाई वही न उघडताही सांगतात. सकाळी देवळात जाऊन आल्याशिवाय त्यांचा पाय पायडलला लागत नाही, आणि एकदा लागला की तोंडात काहीतरी गुणगुणणं असतंच.

गेल्या डिसेंबरात त्या तोंडात कोरियन गाणं आलं.

आणलं भावाच्या मुलीनं, शिवकन्यानं. ती नववीत. शाळेच्या गॅदरिंगला तिला अन् तिच्या चार मैत्रिणींना पाच कोरियन पोरींच्या गटाच्या नव्या गाण्यावर नाच करायचा होता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, कपडे दैवशालाबाई शिवणार असतील तरच. म्हणजे काही वेडंवाकडं व्हायचं नाही. त्यात शाळेच्या हस्तलिखितात 'नवं गाणं कसं वाटलं' हे लिहायचं कामही शिवकन्याकडंच होतं. तिनं तेही आत्याच्या पदरात टाकलं. आत्याचा कान भजनातला. आत्यानं सांगायचं, हिनं लिहायचं.

मग दैवशालाबाईंनी गाणं ऐकलं. काजं करताना ऐकलं, हुक लावताना ऐकलं. शब्द एकही कळला नाही, पण ताल कळायला शब्द कशाला लागतात? त्यांनी सांगितलं ते असं : सुरुवातीचं गुणगुणणं लई गोड आहे, जणू कुणी पाणी घेऊन येतंय अन् त्याला माहीत नाही की आपण ऐकतोय. मधला ठेका हलगीसारखा, पाय आपोआप हलतो. दुसऱ्या कडव्यात मात्र जीव नाही. आणि पालुपद फार वेळा. भजनात पालुपद पुन्हा पुन्हा येतं, पण दर खेपेला मधली ओळ त्याला नवं काही देऊन जाते. इथं तसं होत नाही. शेवटी सगळ्यात धाकटी पोर एकटी दोन ओळी म्हणते, तो आवाज सगळ्यात खरा. शिवकन्यानं भराभर लिहून घेतलं. दोघीही खुशीत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाची पोरी कपड्यांसाठी आल्या, तेव्हा बाईंनी व्हिडिओ थांबवून घेतला. फोटोवरून माप काढायची त्यांची जुनी रीत आहे : चेहऱ्याच्या लांबीवरून खांदा, खांद्यावरून बाकीचं. चौघींची मापं मोठ्या पोरींसारखी नीट बसली. धाकटीचा खांदा सव्वाबारा आला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. सव्वाबाराच. मग त्यांनी वही काढली आणि पानं उलटत एका नावावर बोट ठेवलं. क्षमा, आठवी, खांदा सव्वाबारा. ही क्षमा शिवकन्याची मैत्रीण, नाचात हीच धाकटीच्या जागी होती.

"ही धाकटी किती वर्षांची गं?"

शिवकन्या म्हणाली, असेल की एकोणीस-वीस, मेकअपमुळं लहान दिसते.

"मेकअप तोंडाला लागतो. खांद्याला न्हाय."

पोरींनी मोबाईलवर शोधलं. तिला चौदावं लागलं होतं. अकराव्या वर्षी गाण्याच्या कंपनीनं निवडली, तेव्हापासून घर सोडून सरावाला. शाळा सुटली की सराव, दिवस मावळल्यावरही सराव, जेवणसुद्धा मोजून. हे सगळं तिथं कौतुकानं लिहिलेलं होतं.

दैवशालाबाईंनी टेप गळ्यातून काढून ठेवली. म्हणाल्या, हे कपडे मी शिवणार नाही. लेकरू असं उघड्या पोटानं उभं करून लोकांनी बघायचं, अन् त्याला मी आणखी हात लावू?

पोरींची तोंडं उतरली. बाईंनी शिवले नाहीत म्हणजे नाच गेला. क्षमा तर पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसली. शिवकन्या मात्र आत्याचीच भाची.

"तुम्ही पण अकराव्या वर्षीच मशीनवर बसलाव की, आत्या. तुमचं काय वाईट झालं?"

बाईंनी वही मिटून खिळ्याला टांगली. पोरी चपला घालून गेल्या.

खरं होतं ते. सातवीनंतर शाळा सुटली, पण त्याच्याही आधी त्या धोंडप्पा टेलरमास्तरांकडं काज-बटणाला बसत. मास्तर वाईट नव्हते. हात धरून शिकवलं, पोटभर खाऊ घातलं, त्यांच्याच विद्येवर आज बाईंचं घर चाललंय. त्याबद्दल तक्रार नाही. पण सण सगळ्यांचा असतो तेव्हा शिंप्याकडं काम असतं. पंचमीला लिंबाला झोके बांधलेले, मैत्रिणी दारात बोलवायला आलेल्या, आणि छोट्या दैवशालापुढं पोलक्यांचा ढीग. 'तुम्ही व्हा पुढं, मी आलेच,' असं ती हसून म्हणायची. गिऱ्हाईक कौतुक करायचं, एवढीशी पोर अन् काय हात! तेव्हाही ती तसंच हसायची. बोटाला सुई टोचलेली असली तरी.

बाईंनी मोबाईल पुन्हा उघडला. धाकटी हसत होती. ते हसू त्यांनी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात त्या हेच मनात घोळवत उभ्या राहिल्या. गाणं चांगलं होतं, हे खोटं कसं म्हणायचं? ते ऐकणं बंद केलं तर त्या पोरीची मेहनत वाया गेल्यासारखी. ऐकलं तर अशाच आणखी पोरी उभ्या करायला आपलाही हात लागणार. गोरोबाकाकांपुढं त्या रोज घरातल्यांची नावं घेतात. त्या दिवशी आणखी एक घ्यायचं होतं, पण उच्चार येईना. 'ती धाकटी' एवढंच म्हणाल्या आणि घरी आल्या.

पोरींना निरोप गेला. बाईंनी सांगितलं, कपडे शिवीन, पण तुमच्या मापानं, व्हिडिओतल्या नव्हे. हात वर केला तरी पोट उघडं पडणार नाही असे सैल, आणि आत दोन बोटं कापड दाबलेलं, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येईल असं. वाढत्या पोरीचं कापड त्या असंच शिवतात.

"अन् लिहायचं काय?" शिवकन्यानं विचारलं. "गाणं चांगलं म्हणू का वाईट?"

"गाणं चांगलंच म्हण. पण म्हणणारी अजून मोठी व्हायची हाय, हे पण लिही. तिला सुट्टी मिळाली पायजे, असं लिही."

शिवकन्यानं दोन्ही लिहिलं, एकाच शाईनं.

गॅदरिंग दोन दिवसांवर असताना येळवस आली. या वेळ अमावस्येला सगळा गाव रानात जेवायला जातो, पण तीन पोशाखांच्या बाह्या राहिल्या होत्या. बाईंनी बाह्यांकडं बघितलं, मशीनवर कापड झाकलं आणि ताक-ज्वारीच्या आंबिलीचं मडकं काखोटीला मारलं. पाची पोरींना बरोबर घेतलं.

रानात कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगड मांडून पांडवांची पूजा झाली. पालेभाज्यांची भज्जी अन् बाजरीचे उंडे खाऊन झाल्यावर पोरी ज्वारीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर सरावाला उभ्या राहिल्या. मोबाईल बांधावर ठेवला. शेवटच्या दोन ओळींना क्षमाला पुढं यायचं होतं. ती आली, पाय ढेकळात अडकला, आणि मटकन खाली बसली. बसल्या बसल्याच तिला असं हसू फुटलं की बाकीच्याही खाली बसल्या. गाणं आपलं पुढं चाललं होतं.

शिवकन्या म्हणाली, पहिल्यापासून घेऊ परत.

"ऱ्हाऊ दे," दैवशालाबाई म्हणाल्या. त्यांनी क्षमाच्या हातात आंबिलीचा पेला दिला आणि आपणही तिच्याशेजारी, मातीत, मांडी घालून बसल्या. बाह्या उद्याही होणार होत्या.