रणगाड्याची पातळ बाजू

रणगाडा म्हणजे चहूबाजूंनी सारखंच जाड पोलाद, असं लोकांना वाटतं. तसा केला तर तो स्वतःच्या वजनानंच जागचा हलणार नाही. म्हणून तोंडाकडे जाड आणि कुशीला पातळ, अशी त्याची घडण. शत्रूकडे तोंड ठेवा, कूस दाखवू नका, मागं यायचं तर तोंड तिकडेच ठेवून रिव्हर्स या, हे आमच्याकडून अगदी घोकून घेतलं होतं.

मी ड्रायव्हर होतो. लढाईत डोक्यावरचं झाकण लावलं की ड्रायव्हरला काचेच्या पट्टीतून समोरचं तेवढं दिसतं, झापड लावलेल्या बैलाला दिसतं तेवढंच. बाकीचे डोळे कमांडरचे. तो वरून बघतो, कानातल्या यंत्रात सांगतो आणि मी खालून दांडे ओढतो. हुकमाशिवाय वळायचं नाही आणि हुकमाला ‘का’ विचारायचं नाही.

कमांडर आमच्याच जिल्ह्यातला, रोहिणखेडकडचा. तोफेत गोळे भरणारा पोरगा सुलतानपूरचा, मी दुसरबीडचा. चौथा तोफ डागणारा पंजाबी. आमची वऱ्हाडी ऐकून तो बिचारा वैतागायचा.

एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीपलीकडच्या एका नाल्याच्या उतारावर आम्ही होतो. झाडीत जीपवर चढवलेली रणगाडाफोड तोफ आहे, हे कमांडरला दिसलं आणि तो घाबरला. त्याला नावं ठेवत नाही, घाबरलो आम्ही सगळेच. रिव्हर्स म्हणायच्या ऐवजी तो कानात ओरडला, "डावा ओढ, पुरा डावा, नाल्यात घाल." मऊ वाळू, त्यात उतार, त्यात पुरा डावा. चाकांवरची लोखंडी चेन उतरली. आमची कूस त्या जीपसमोर उघडी पडली आणि गोळा तिथूनच आत आला. सुलतानपूरचा पोरगा जागीच गेला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी कमांडर माझ्याजवळ येऊन बसला. "तू म्हन, मीच वळवली. ड्रायव्हरले दिसत नाही, त्याले कोनी काही म्हनत नाही. माहं मात्र सगळं जाईन. पुढं मी सोता सांगतो, गड्या." ज्याच्या डोळ्यांनी बघायची सवय लागली होती, त्याच्याच शब्दांनी बोललो. पंजाबी इस्पितळात होता, तो पुढं लवकरच वारला. कमांडर चढत गेला. मी शेती करायला घरी आलो.

मी दर दिवाळीला सुलतानपूरला जात राहिलो. त्या पोराची धाकटी बहीण माहेरीच राहिलेली. ‘बसा’ म्हणायची, पण पाणी कधी विचारलं नाही. आपल्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात. मी कोरड्या घशानं परत यायचो आणि मनात म्हणायचो, कमांडर सांगेल तेव्हा ही तांब्या घेऊन येईल.

परवा तालुक्याच्या शाळेसमोर जुना रणगाडा बसवला. आमच्याच जातीचा. रंग ताजा, ड्रायव्हरचं झाकण वेल्डिंगनं बंद. पाहुणा कमांडर. आदल्या दिवशी मी फोनवर म्हटलं, "उद्या त्या पोराची बहीन येऊन राह्यली. आता तरी सांगा."

"हाव. उद्या सांगून टाकतो. आता राह्यलं काय आपलं?"

मी इस्त्रीचा सदरा घातला, पदकं लावली, पुढच्या रांगेत बसलो. रात्रभर झोप नव्हती, पण नातवानं विचारलं तर म्हटलं, आज बरं वाटतंय.

कमांडर माईकवर छान बोलला. नाला सांगितला, जीप सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमचा ड्रायव्हर तरुण होता. घाबरून हुकमाशिवाय गाडी वळवली त्यानं. एक जवान गेला. पण मी आज सगळ्यांसमोर सांगतो, मी त्याला केव्हाच माफ केलं."

टाळ्या पडल्या, त्याही बराच वेळ. त्यानं मला वर बोलावून मिठी मारली. त्याच्या छातीवर माझी पदकं दाबली गेली आणि मला किळस आली. मी त्याच्या कानात म्हटलं, "हुकूम तुमचा होता." तो फोटोवाल्याकडे बघत हसत राहिला.

खाली उतरलो तर बहीण समोर उभी. हातात पाण्याचा ग्लास. डोळे भरलेले.

"घ्या दादा. त्यायनं माफ केलं, मंग मी काऊन धरून ठेवू?"

मी म्हणालो, "ताई, हुकूम होता. डावा ओढ, म्हने."

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, म्हाताऱ्याची समजूत काढावी तसा. "राहू द्या आता. प्या."

मी तो ग्लास घेतला आणि सगळा प्यालो.