बाबांचा खाऱ्या पाण्यातला मासा

आई गेली त्याच वर्षी मी बाबांना गोसीखुर्दकडच्या पुनर्वसनाच्या गावातून भंडाऱ्याला माझ्या घरी आणलं. त्यांनी जन्मभर वैनगंगेत जाळं टाकलं होतं. जुनं गाव धरणात गेलं तेव्हाही ते बोलत होते, भांडत होते. आईनंतर मात्र गप्प झाले. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे.

डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असावं म्हणून मी काचेची टाकी घेतली. दुकानदारानं एक वाटोळा, चपटा मासा दिला, अंगभर काळे ठिपके असलेला. हा खाडीतला आहे, नदी समुद्राला मिळते तिथला, याच्या पाण्यात समुद्री मीठ घालत जा, असं त्यानं बजावलं.

बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका दुपारी मी कामावरून आले तर त्यांचं बोट टरारून सुजलेलं. टाकीत हात घालून मासा धरायला गेले होते, पाठीवरचा काटा घुसला. मी घाबरून गरम पाणी केलं. बाबा बोट बुडवून बसले होते आणि कित्येक महिन्यांनी हसत होते.

"जितं हाये ना ते," म्हणाले. "मारनच."

तेव्हापासून त्याचं खाणंपिणं बाबांकडे आलं. ते पालकाचं पान पाण्यात धरायचे, मासा वर येऊन ओरबाडायचा. ते त्याच्याशी बोलायचेही. एकदा मला विचारलं, "बाई, याले याच्या गावाले नेऊन सोडता येत नाही का?"

याचं गाव फार दूर आहे, आपल्या नदीत हा जगणार नाही, असं मी सांगितलं.

बाबांनी पालकाचं आणखी एक पान पाण्यात धरलं. "मंग राहू दे. राहीन ते इथंच."

पावसाळा सरताना त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात रोज एकच विचारायचे, मासा जेवला का. मी हो म्हणायची. खरं तर तो माझ्या हाताशी येतच नव्हता. पानं तरंगून सडत होती. बाबा परत आले नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मासा दुकानात परत देऊ, असं नवरा म्हणाला. मी नको म्हटलं. आता तो थोडंफार खातो. बाबा त्याच्याशी पुराबद्दल बोलायचे, आईबद्दल बोलायचे. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, त्यामुळे मला त्यातलं अर्धंमुर्धंच ऐकू आलं.