नंदाच्या विटा गेल्या कुठं

कर्जतच्या दवाखान्यात नंदा आया आहे. माझ्या सासूबाई तिथे दाखल होत्या तेव्हापासून आमची ओळख. कोणत्या पेशंटला गरम पाणी, कोणाला कोमट, हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पण कडावला स्वतःचं घर बांधायला काढलं आणि ही बाई पार गोंधळली. प्रश्न साधाच होता: विटा, सिमेंट, रेती, खडी, सळई किती लागणार, याची यादी करायची कोणी?

नकाशा काढला होता दीप्तीने. कर्जतचीच, नवी इंजिनिअर. ती म्हणाली, "नंदाताई, माझं काम नकाशापर्यंत. माल मिस्त्री बघतात."

मिस्त्री म्हणजे नंदाचा सख्खा मोठा भाऊ, दशरथ. आईबापांच्या मागे यानेच हिला दहावीपर्यंत शिकवलं, लग्न लावून दिलं. बहिणीचं घर मीच बांधणार, हे तो कधीपासून सांगत आला होता. यादीचं नाव काढल्यावर तो हसलाच.

"यादी किराण्याची असते गं. घराची कसली? वर जाईल तसं सांगीन."

"अरे पण आधी कळाय नको?"

"कळून काय करशील? रोज उठून घाबरशील."

तिसरे सखाशेठ. चौकला त्यांचं बांधकाम सामानाचं दुकान. ते म्हणाले, "नकाशा ठेवून जा बाई. उद्या यादी तयार."

नंदा माझ्याकडे आली. "वहिनी, विकणाऱ्यानंच सांगायचं किती घ्या म्हणून, हे बरोबर हाय का?"

मी म्हटलं, "दवाखान्यात कसं, डॉक्टर लिहितात आणि औषधवाला देतो."

"मग इथं डॉक्टर कोण?"

मला काय माहीत? तिने नवऱ्याला विचारलं तर तो खोपोलीहून रात्रपाळी करून आलेला. "जो देतोय त्याची घे," म्हणाला आणि झोपला. तिने सखाशेठची यादी घेतली. दशरथने ती एकदा पाहिली, परत दिली, आणि त्या दिवशी बहिणीकडचा चहा न घेताच गेला.

काम मात्र जोरात चाललं. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या आणि एका रविवारी विटा संपल्या. मी त्या दिवशी घर बघायलाच गेले होते. दशरथ, नंदा आणि मी दारापुढच्या कठड्यावर चहा पीत बसलो होतो. नंदाचा मोबाईल कानाशी धरला की ऐकू येत नाही, म्हणून ती कायम स्पीकरवर बोलते. तसाच तिने सखाशेठना फोन लावला.

"शेठ, आणखी विटा पाठवा."

"आणखी? अहो, पाठवल्यात तेवढ्यांत तुमच्या भिंती स्लॅबला टेकायला हव्यात. मिस्त्रीला विचारा की, विटा चालल्यात कुठं?"

दशरथने कप खाली ठेवला. "चालल्यात म्हणजे? विटांना पाय फुटले काय?"

नंदा फोन बंद करेपर्यंत त्याने थापी आणि ओळंबा पिशवीत टाकलेसुद्धा.

"दादा, ते बोलले. मी बोलले का काय?"

"तू बोलली नायस. पण बघितलंस माझ्याकडं."

बघितलं होतं खरं. मीही बघितलं होतं.

"अरे मला काय कळंना म्हणून बघितलं रं!"

"चोराकडून घर बांधून घेऊ नको. दुसरा मिस्त्री बघ." आणि तो गाडीवर बसून निघून गेला.

नंदा कठड्याला हात टेकून खाली बसली. मग म्हणाली, "विटा गेल्या तर गेल्या, वहिनी. पण हा उद्या माझ्या घरात पाय ठेवणार नसेल, तर मी भिंती कोणासाठी उभ्या करू?"

आम्ही घराभोवती फिरलो. फुटलेल्या विटांचा ढीग एवढासा. चोरीला जाव्यात तर शेजारी जागे. काही केल्या हिशेब लागेना. शेवटी परत कठड्यावर बसून मीच दीप्तीला फोन केला. ती स्कूटीवरून आली, नकाशा उघडला, आणि रस्त्यातच थांबली.

"ताई, तुम्ही बसलाय ते काय आहे?"

"पडवी."

"नकाशात पडवी नाहीये."

"नाय कशी? घर हाय ना नकाशात?"

"घर आहे. तुम्ही मला तीन खोल्या आणि मोरी सांगितलीत."

"मग बरोबरच सांगितलं! पडवी काय वेगळी सांगायची असते?"

कडावला तीन खोल्यांचं घर म्हटलं की पडवी त्यातच आली; ती कोणी मोजत नाही. दीप्तीने सांगितलं तेवढं काढलं. सखाशेठनी काढलं तेवढं मोजलं. दशरथने घर बांधलं. विटा पडवीच्या जोत्यात आणि कठड्यात होत्या, आणि त्यांच्यावरच बसून आम्ही त्या शोधत होतो.

"मी विचारायला हवं होतं," दीप्ती म्हणाली.

"ते दादाला सांगा."

आम्ही तिघी दशरथकडे गेलो. तो उंबऱ्यातच उभा. या म्हणाला नाही. त्याच्या बायकोने, जनीने, पाणी आणून दिलं.

"दादा, विटा सापडल्या."

"कुठं?"

"आपण बसलो होतो तिथंच, खाली."

दीप्तीने नकाशा उघडून दाखवला. तो वाकून बघत राहिला. "एवढे दिवस बांधतोय मी. मॅडम, तुमी एकदा तरी यायचं की बघायला!"

"नाही आले. चुकलं."

"मी पण आतली मापं तेवढी बघितली," तो हळूच म्हणाला. "बाहेरचं काय बघायचं, माहीतच होतं."

मग जनीने सतरंजी टाकली. उरलेल्या मालाची नवी यादी सुरू झाली. दीप्ती मोजत होती, दशरथ सांगत होता, आणि रेतीवरून दोघांची जुंपली.

"चाळल्यावर कमी भरते, मॅडम."

"मान्य. पण निम्मी नाही होत."

कोणाचं खरं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मधलाच एक आकडा लिहिला. नंदा एकदा याच्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी नंदा आणि मी ती यादी घेऊन चौकला गेलो. दशरथ गाडी घेऊन सोबत आला, पण दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्यापलीकडे उभा राहिला.

सखाशेठनी कागद उलटसुलट केला. "ही यादी कोणाची? मॅडमची का मिस्त्रीची? कमी पडलं तर मी कोणाला विचारू?"

नंदा गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते मला अजून नाय कळलं, शेठ. पण काल फोनवर तुम्ही विचारलंत ना, विटा चालल्यात कुठं? ज्यांना विचारा म्हणालात ते तिकडं उभे हायत. उत्तर घेऊन या, मग माल पाठवा."

सखाशेठनी कागद गल्ल्यावर ठेवला. मग चष्मा काढून ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि रस्ता ओलांडून गेले. मधून ट्रक जात होते. दोघं काय बोलले, ऐकू आलं नाही. दशरथ आधी मान दुसरीकडे करून उभा होता. मग त्याने हवेतच हाताने काहीतरी लांबरुंद मापून दाखवलं, आणि सखाशेठ मान हलवू लागले.

परत आले ते म्हणाले, "मिस्त्री म्हणतायत सकाळी लवकर पाठवा. दुपारपर्यंत भिंत चढवायचीय त्यांना."