वनसंवर्धनाची पदवी आणि माहितीपत्रकातला माझा फोटो

परवा मामा पेढे घेऊन माझ्या ऑफिसात आला... आणि अर्धा पेढा माझ्या हातातच राहिला.

ऑफिस म्हणजे लकडगंजातली एक आरामशीन. मी तिथे बिलं करते. पदवी वनसंवर्धनाची, तीही खाजगी कॉलेजची... आणि जंगलाशी संबंध एवढाच, की झाडं कापून माझ्यासमोर येतात.

मामा पारशिवनीकडचा, पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या गेटवर गाईड आहे. त्याच्या मुलीला, पल्लवीला, हाच कोर्स करायचा होता. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. सरकारी कॉलेज घेऊ की तुझं? मी ऐटीत म्हटलं, थांब, सगळी चौकशी करून सांगते.

केलीही. वहीत दोन्हीकडची फी लिहिली, दोन्हीकडच्या ओळखीच्यांना फोन लावले आणि कोण काय करतंय ते नावापुढे लिहीत गेले. माझ्या वर्गातला एक बँकेत, एक विम्यात, एक रिसॉर्टच्या रिसेप्शनवर. दोघं अजून वनखात्याच्या परीक्षाच देताहेत. वाघ मोजायला गेलेली तेवढी खुशीत होती... तिचंही कंत्राट संपलं.

सरकारीवाल्यांचंही तेच. फी मात्र आमच्या पावपटही नाही. म्हणजे तेही बेकार, पण स्वस्तात बेकार!

मग माझं नाव आलं. त्याच्यापुढे काय लिहायचं? नात्यात सगळ्यांना वाटतं, मी लाकडाच्या कंपनीत ऑफिसर आहे... मीच तसं सांगत आलेय. लाज वाटली, वही मिटली. उद्या सांगू, परवा सांगू करत फोन राहूनच गेला.

"सोमवारी शेवटची तारीख होती," मामा सांगत होता. "तुया फोनची वाट पाहिली. मंग म्हटलं, पोरगी कामात असन. भरून टाकली फी, तुयाच कॉलेजची." त्यासाठी त्याने रस्त्याकडचा प्लॉट विकला. सरकारी कॉलेजची मुदतही संपली होती.

मी कसंबसं विचारलं, सरकारी का नाही घेतलं?

सोबत आलेल्या पल्लवीने पिशवीतून कॉलेजचं माहितीपत्रक काढलं. मधल्या पानावर मी! गळ्यात दुर्बीण आणि खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. कॉलेजने मागितला तेव्हा हौसेने मीच पाठवला होता तो फोटो.

"हे पाहूनच तं बाबा तयार झाले, ताई," ती म्हणाली. मग बाहेर आवारातल्या एका ओंडक्याशी वाकली, वास घेतला आणि तिथूनच ओरडली, "हा बीजा आहे ना?"

बीजाच्या झाडाचाच ओंडका होता तो. मला तो ओळखायला दोन वर्षं लागली होती, तिला बापाने जंगलात फिरवूनच शिकवलेला. मामाचा चेहरा असा फुलला, की तोंडाशी आलेलं सगळं मी परत गिळलं.

"काहून पेढा हातातच धरून बसली वं?" मामाने विचारलं. काही नाही म्हटलं आणि उरलेला पेढा तोंडात टाकला. इतकी भित्री मी कधीच नव्हते...

काल कॉलेजला फोन केला, माझा फोटो काढून टाका म्हणून. तिकडच्या बाई गोड बोलल्या. यंदाची पत्रकं वाटून झालीत, पुढच्या वर्षी बघू.

पल्लवीला आता याचा काही उपयोग नाही. तुमच्या घरी कोणी या कोर्सचं विचारत असेल, तर त्याच्यासाठी वहीतली माझ्या नावापुढची ती रिकामी जागा आज इथे भरतेय.

लकडगंज, आरामशीन, बिलं करते. उशीर झाला, पल्लवी...