घाम सुकेपर्यंत पाणी नाही

माझा पहिला नवरा पाणी मागत मेला.
पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता.

मी सखूबाई बोलतेय, वय पंच्याण्णव. आपल्या घरच्या ग्रुपवर टाइप नातू करतोय. मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघतोय. त्याला म्हटलं, बघू नकोस, लिही. माझा दम पुरला पाहिजे.

माझी दोन लग्नं झाली हेसुद्धा तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आज कळेल.
कळू दे.

पहिल्याचं नाव चांगो. गाव म्हशाजवळ. भाताची दोन खाचरं, माळावर थोडी नाचणी आणि पळण्याचं वेड.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कल्याणला पंचवीस मैलांची शर्यत होणार, असं कोणीतरी मुरबाडच्या बाजारात सांगितलं. बक्षीस काय, तर एक कप. तेवढ्यावर आमचे हे वेडे झाले.

मी विचारलं, "कप घेऊन त्यात काय चाय पिणार?"

"तसं नाय गो. माजे पाय कुठवर जातात ते बघायचंय."

शर्यत उन्हात, म्हणून सराव पण उन्हात. भर दुपारी निघायचे, मुरबाडच्या रस्त्याने मैलाचे दगड मोजत जायचे आणि परत यायचे. बूट कुठले, अनवाणी. तळपाय सोलून निघायचे. मी करंजाचं तेल चोळायचे.

तेव्हा उगाच कोणी पळत नसे. माणूस पळताना दिसला म्हणजे कोणाचीतरी मयत सांगायला निघालाय, असंच लोक समजायचे. बाया शेतातून ओरडायच्या, "कोन गेला रे?"
हे पळता पळताच हात हलवायचे, "कोन नाय, कोन नाय!"

सासू कपाळावर हात मारून घ्यायची.

पाण्याचा नियम त्यांना एका म्हाताऱ्या फौजीने शिकवला. पळताना प्यायचं नाही. पळून झाल्यावरही अंगावरचा घाम सुकेपर्यंत प्यायचं नाही, नाहीतर छाती भरते. तोंडात चिंचोका धरायचा आणि गप पळायचं.
झालं आमचं ट्रेनिंग.

माझं काम एकच. वेशीबाहेर आंब्याखाली तांब्या घेऊन बसायचं. ते आले की पाठीवर हात फिरवून बघायचा. ओली लागली तर पाणी नाही.

"मी पाया पडलो तरी देऊ नको," असं बजावलं होतं मला.

एकदा लबाडी केली. वळणावर थांबून सदऱ्याने अंग पुसून आले. "बघ, सुकलाय घाम." मी मानेमागे बोट घातलं, तर केसांतून धार लागलेली. दोघंही पोट धरून हसलो.

सोळा वर्षांची होते मी. नवऱ्यावर आपला हुकूम चालतो याची मला मजा वाटायची. हे पण लिही रे.

शर्यतीला आठ दिवस उरले होते. त्या दुपारी ते मुरबाडच्याही पुढे जाऊन येणार होते. यायला उशीर झाला. आले ते झोकांड्या खात.

"दे."

मी पाठीवर हात ठेवला. कोरडी. तव्यासारखी तापलेली. मानेमागे बोट घातलं, तिथेही टिपूस नाही.

मला वाटलं, या वेळी नीट पुसून आलेत.

"पुसून आलाव ना?"

"नाय गो आये. दे."

मला आये म्हणाले. मला ती मस्करी वाटली. मी तांब्या पाठीमागे लपवला.
आणि हसले.

"आदी बसा. मंग देते."

बसले. परत हात पुढे केला. "सखू, दे गो."

"तुमीच बोललाव ना, पाया पडलो तरी देऊ नको?"

ते वाकले. मला वाटलं, खरंच पाया पडतायत.
तसेच तोंडावर पडले.

मग मी तांब्या त्यांच्या ओठाला लावला. सगळं पाणी हनुवटीवरून खाली गेलं. एक घोट आत गेला नाही.

लोक म्हणाले, वळणावरचं काहीतरी लागलं. मी पण मान हलवली.

सासूने एकच विचारलं. "शेवटी पानी तरी पाजलंस का गो?"

"पाजलं."

पोराच्या तोंडात पाणी पडलं एवढ्यावर ती म्हातारी पुढची वर्षं जगली. मी त्या घरी होते तोवर माझा हात धरून सगळ्यांना सांगायची, हिने पाजलं. मी मान खाली घालून उभी राहायचे.

दोन वर्षांनी शहापूरकडे माझा पाट लावून दिला. दुसरा नवरा गुणाचा होता. त्याला पण सांगितलं नाही.

मनाची समजूत मीच घालत आले. पुसलंच असेल त्यांनी. त्यांनीच नियम घातला, त्यांनीच मोडला, मी फक्त ऐकलं. यावर मी इतकी वर्षं काढली. पोरं वाढवली, नातवंडं खेळवली.

मागच्या महिन्यात पणती आली होती. ती मॅरेथॉन पळते. कमरेच्या पट्ट्यात पाण्याच्या बाटल्या खोचत होती. मी सहज विचारलं, एवढं पाणी कशाला गं?

बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "पणजी, उन्हात पळताना घाम यायचा बंद झाला ना, की ते एकदम डेंजर. अंग तापतं, माणूस काहीही बडबडतो. तेव्हा त्याला लगेच गार करायचं, अंगावर पाणी ओतायचं. उशीर झाला की गेला."

दार लावून ती पळायला गेली.
मी तिथेच बसून राहिले. दुपारी जेवले नाही. कोणी विचारलं तर म्हटलं, भूक नाही.

त्यांनी पुसलं नव्हतं. ते खरं बोलत होते. भरलेला तांब्या होता. नुसता डोक्यावर ओतला असता तरी चाललं असतं.

आज त्यांची तिथी. खाली कोणी हात जोडलेली चित्रं टाकू नका. मला धीर देऊ नका, "आजी, तेव्हा तुम्ही लहान होता" असं म्हणू नका. श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही.

चांगो, तुमची माफी मागत नाही.
तुम्ही पाणी मागितलं होतंत. मी कुठे दिलं?