कुल्फीच्या मटक्यातले लायनर

आमच्या आत्याइतका हट्टी माणूस रायपुरात दुसरा नव्हता, आणि रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर भोपाळहून जी मंडळी फायलींची पोती घेऊन आली त्यांच्यातही तसा कोणी निघाला नाही. ती वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर समता कॉलोनीत आमच्या घरी राहायला आली ती दोन ट्रंका, एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक म्हातारी पांढरी मोटार घेऊन. तिला मोजायची खोड होती. ताटात पोळी पडली की आधी ती मोजायची. आईने एकदा घाबरून विचारलं, "ताई, काही चुकलं का?" तर म्हणाली, "चुकलं नाही वं. आडवी साडेसहा इंच आहे अन् उभी सहा. खायले हरकत नाही, फक्त हिले गोल म्हणू नको." कॉलोनीतल्या नव्या गतिरोधकाची उंची मोजून तिने एका नव्या खात्याला पत्र धाडलं होतं. उत्तर आलं नाही. "त्यांची टेबलंच अजून यायची असतील," असं ती मोठ्या मनाने म्हणे.

मोटार मात्र तिचा खरा जीव. पुरानी बस्तीच्या गल्लीतून स्वतः गाडी चालवत शाळेत जाणारी ती पहिली बाई होती, आणि लोक तेव्हा दारात येऊन बघत. आता लोक दारं लावून घेत, कारण गाडी सुरू झाली की निळ्या धुराचा असा लोट निघे की समोरच्या डॉक्टरीणबाई वाळत घातलेले कपडे पळत जाऊन काढत. वडील मुळात अबोल. चहा आणि वर्तमानपत्र या दोन विषयांपलीकडे ते घरात फारसं बोलत नसत. तेच एकदा जेवताना म्हणाले, "ताई, रविवारी भंगारवाला येऊन राहिला. मी बोलावलं."

आत्याने घास खाली ठेवला. "काहून?"

"धूर."

"धूर हे उत्तर झालं. गणित कुठं आहे?" मग हळू आवाजात म्हणाली, "मले एक महिना दे. तरीबी धूर निघाला, तर चावी मीच त्याच्या हातात देईन." पुढची पोळी ताटात पडली ती तिने मोजली नाही, त्यावरून ती घाबरली आहे हे मला कळलं.

पंडरी बाजाराच्या मागच्या गल्लीत मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने इंजिन उघडलं आणि आत्या वाकून सिलिंडरांत हात घालून बसली. पिस्टन खाली-वर होऊन होऊन चारही सिलिंडरांच्या भिंती झिजल्या होत्या. त्या फटीतून तेल वर चढून जळत होतं, तोच निळा धूर. आत्याने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, उभा आणि आडवा मोजला, आणि इंजिनावर लाल खडूने निकाल लिहिला. पहिला काठावर पास. बाकीचे तीन नापास, त्यात तिसरा अगदी अंड्यासारखा झालेला. उपाय एकच, सिलिंडर कातून मोठे करायचे आणि आत नव्या नळ्या बसवायच्या. त्या नळ्या म्हणजे लायनर. काठावर पास झालेल्यालाही तिने सोडलं नाही. चारही नवे घ्यायचे ठरले.

मिस्त्री म्हणाला, "ठोक के बैठा दूँगा, बहनजी. तीस साल से ठोक रहा हूँ."

"इसीलिए तो शहर में इतना धुआँ है," आत्या म्हणाली. ठोकायचं नाही. इंजिन तापवायचं म्हणजे ते फुगेल, लायनर गार करायचे म्हणजे ते आकसतील, आणि अलगद आत सरकतील. पोरांना मारून गणित येत नाही, तसंच हे, असंही तिने त्याला हिंदीतून ऐकवलं.

ठरल्या दिवशी सकाळीच चारही लायनर आमच्या फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या शेजारी जाऊन बसले. नव्या राजधानीत वीज जात नाही, असं पाहुण्यांना आम्ही अभिमानाने सांगत असू. त्या दिवशी दहाला गेली ती दुपारपर्यंत आली नाही. तिकडे मिस्त्री इंजिन तापवायला घेणार, इकडे लायनर कोमट. आत्या फाटकाशी उभी राहिली, आणि नेमका कुल्फीवाला आला. तिने त्याची गाडी मटक्यासकट दिवसभरासाठी ठरवली, कुल्फी अख्ख्या कॉलोनीला वाटून टाकली, आणि बर्फ-मिठात लायनर पुरायला लागली.

"दीदी, एमा लोहा काबर डारत हस?" यात लोखंड कशाला, म्हणून तो बिचारा विचारत राहिला.

"जमवून राहिली," आत्या म्हणाली.

मग मिरवणूक निघाली. पुढे कुल्फीवाला गाडी ढकलतोय, बाजूला आत्या छत्री धरून. स्वतःवर नाही, मटक्यावर. मी मागे. सवयीने तो मध्येच घंटी वाजवे आणि पोरं धावत येत. एका पोट्टीने फारच हट्ट धरला तेव्हा आत्याने झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाली, "घे, चावता आली तर." पोट्टीने आत बघितलं आणि शहाण्यासारखी घरी गेली.

मिस्त्रीने मटका बघून कपाळाला हात लावला. पण तापलेल्या इंजिनात पहिला लायनर मापाच्या बांगडीसारखा सरकला, तेव्हा त्याने हातोडी स्वतःच बाकाखाली ठेवली. चौथा बसल्यावर त्याने आत्याला चहा दिला आणि बहनजीऐवजी गुरुजी म्हणाला. पुढे आठवडाभर त्याने नळ्या आतून घोटून पिस्टनच्या मापाला आणल्या.

महिना भरला त्या सकाळी गाडी दारात आली. वडील स्वतःचा पांढरा रुमाल घेऊन मागे सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. आत्याने किल्ली फिरवली. वडिलांनी रुमाल बराच वेळ धरला, उलटसुलट पाहिला. त्यावर पाण्याचे दोन थेंब होते, बस्. घडी घालून खिशात ठेवला आणि ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मिस्त्रीने बजावलं होतं की नवे लायनर रुळेपर्यंत ताशी चाळीसच्या वर जायचं नाही. म्हणून दर रविवारी आम्ही नव्या राजधानीसाठी आखलेल्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर जायचो. स्कूटरवाले आम्हाला मागे टाकून जात आणि वळून बघत. तिसऱ्या रविवारी वडील अचानक आजोबांबद्दल बोलायला लागले. मग लहानपणी दोघांनी तलावात बुडवलेल्या कुणाच्या तरी घागरीबद्दल. मी मागे बसून ऐकत होतो. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी मिस्त्रीने गाडी तपासून सांगितलं, आता हवी तशी पळवा. पुढच्या रविवारी काटा चाळिसावरच. वडील पाणी प्यायला उतरले तेव्हा मी आत्याला विचारलं.

ती आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा बाप आत्ता कुठं बोलून राहिला रे. घरी लवकर जाऊन काय करू?"