गाऱ्हाणं घालणाऱ्याचा क्लास

वस्तू न बघताच तिला नावं ठेवायची, ही माझी जुनी सवय. खाणी बंद पडल्यावर पाळीपासून डिचोलीपर्यंत घरोघरी खनिज वाहणारे ट्रक उभे होते. त्या दिवसांत मी जुने ट्रक घेण्या-विकण्याचा धंदा केला. बॉनेट उघडण्याआधीच मी म्हणायचो, इंजिन गेलंय. समोरचा माणूस तिथेच अर्धा खचायचा. याच सवयीवर मी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली, आणि तिची लाज मला कधी वाटली नाही. ती वाटायला एक खेळ कारण झाला, तोही कागद-पेन्सिलीचा.

मये गावात एक गणिताच्या शिक्षिका राहतात. त्यांच्या भावाचा ट्रक बघायला मी एका रविवारी दुपारी गेलो, तर बलकांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीवरच्या मेजाभोवती तिघं जण फासे टाकत बसलेले. पैसे लावलेले दिसेनात, म्हणून चौकशी केली. बाईंनी समजावलं की त्या एक गोष्ट सांगतात आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. आपल्या पात्राने काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. प्रत्येक पात्राचा एक पेशा असतो. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी पुजारी. त्याला खेळणारे क्लास म्हणतात.

त्या दिवशी त्यांची पात्रं एका पुलावर अडकली होती. पहारेकरी सोडत नव्हता. मी पायरीवर उभ्या-उभ्याच सांगितलं, त्याला लाच देऊ नका, त्याच्या साहेबाबद्दल त्याची काय तक्रार आहे ते विचारा. त्यांनी विचारलं, आणि पूल मोकळा झाला. ट्रकचा सौदा फिसकटला, पण पुढच्या रविवारपासून मेजाची चौथी बाजू माझी झाली.

बाकीच्या दोघांपैकी एक आमोणे गावची मुलगी, डिचोलीत औषधांच्या दुकानात नोकरीला. ती मला काका म्हणायची. दुसरा सरकारी कचेरीतला कारकून, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारा. तो पेडण्याकडच्या माझ्याच गावचा निघाला. माझ्याच म्हणतो खरं, पण माझं दुखणं तिथेच आहे.

माझा बाप तेरेखोल नदी ओलांडून सिंधुदुर्गातून त्या गावात काजूच्या बागेत राबायला आला. माझा जन्म तिथलाच. आमच्या जत्रेत देवळासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकऱ्यांपैकी एक जण उभा राहून गावाची सुखदुःखं देवाच्या कानावर घालतो, एकेका वाड्याचं, एकेका घराण्याचं नाव घेतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. हा मान त्या कारकुनाच्या घराण्याचा. हल्ली त्याचा चुलता गाऱ्हाणं घालतो. त्यात आमचं घर येतं ते शेवटी, "आयलो-गेलो, पावणो-पैरो" अशी एक ओळ असते तिच्यात. दोन पिढ्या राहून आम्ही आयलो-गेलो, उपरेच. देवळाच्या मंडपाचे पत्रे मी माझ्या खर्चाने घातले, त्या वर्षीसुद्धा त्याच ओळीत. हे मी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने मेजावर काढायचो. कारकून मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि त्याने ऐकून घेतलं की मला बरं वाटायचं.

मग बातमी आली की खेळाचं नवं पुस्तक येतंय आणि त्यात नवे क्लास असणार. कुठले, ते कंपनी सांगत नव्हती. आमचे कित्येक रविवार त्या तर्कांतच गेले. मुलगी मोबाइलवर काय काय वाचून यायची. तिचं म्हणणं, अर्क आणि औषधं करणारा कुणीतरी येणार. ती दुकानातली असल्यामुळे तिला तसं वाटत असावं. बाईंनी कागदावर चौकटी आखल्या. मार झेलणारा कोण, लांबून मारणारा कोण, बरं करणारा कोण, असे सगळे जुने क्लास भरत गेल्या आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. ज्याची ताकद त्याच्या स्वतःत नाही, सोबतच्या माणसांत आहे, असा अजून कुणी नाही, तो आता येईल, असा त्यांचा हिशेब. कारकून त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिला.

मी सगळ्यांना वेड्यात काढलं. म्हटलं, माल खपवणारा माणूस नवा माल शेवटी काढतो. आधी जुनाच रंगवून आणतो. दोन जुने क्लास एकमेकांना जोडतील, अर्धा लढवय्या आणि अर्धा जादूगार, आणि वर नवं नाव डकवतील.

पुस्तक लांबत गेलं. तेव्हा बाई म्हणाल्या, तोवर आपणच आपले क्लास बनवू, प्रत्येकाने एक लिहून आणा. त्यांतला एकच खेळात घेऊ, कारण एकदम दोन घेतले तर कुणामुळे तोल गेला ते कळणार नाही. आणि प्रत्येक ताकदीच्या बदल्यात एक उणेपणा द्यायचा.

मी सौदागर आणला. लढाईआधी कुठल्याही शत्रूने थांबून त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, ही त्याची ताकद. बदल्यात मी चिलखत सोडलं होतं. नंतर बाईंशी अर्धा तास घासाघीस करून चामड्याचं चिलखत परत मिळवलं. मुलगी म्हणाली, "काका, तुमच्यापेक्षा राक्षस बरा." सगळे हसले, मीही हसलो, पण मला तो क्लास खेळात हवाच होता. कुठेतरी एक गोष्ट माझ्या नावाची असावी, माझ्यापासून सुरू झालेली, एवढीच भूक होती. खेळातली तर खेळातली.

मुलीने आपला कागद स्वतःच मागे घेतला. राहिला कारकून. त्याने दोन्ही बाजूंनी भरलेला कागद माझ्यासमोर ठेवला आणि फक्त नाव सांगितलं, गाऱ्हाणं घालणारा. मला तेवढं पुरलं. मी कागदावर पंजा ठेवला आणि सुरू झालो. हा लढत नाही, याला जादू येत नाही, नुसता तोंडाची वाफ दवडतो, पहिल्याच खोलीत मरेल. वाचला असता तर यातलं एक वाक्यही बोलता आलं नसतं. कारकून माझा पंजा उठायची वाट बघत राहिला, तसा माझा आवाज आणखी चढला.

"गावात मान तुमचो, देवळात मान तुमचो," मी म्हटलं. "आता हंय खेळातय तुमकाच होयो?"

"शेटानू, एकदा वाचून तरी बघा."

"वाचूचा काय असा त्यात? जन्मभर आयकत इलंय मी."

त्याने माझ्या पंजाखालून कागद हळूच ओढून घेतला, बाईंकडे दिला, फासे पिशवीत भरले, कपातला उरलेला चहा संपवला आणि बाईंना येतो म्हणून निघाला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दुसरा कागदच नसल्यामुळे सौदागर खेळात आला. तीन रविवार मी तो खेळलो. जिंकल्यासारखा खेळलो, हे इथे लिहायला हवं.

चौथ्या रविवारी पुस्तक आलं. माझा तर्क खरा ठरला होता, दोन जुन्यांची जोडणीच होती ती. मी फुशारकी मारत असताना बाईंनी कारकुनाचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "आता तरी वाचा."

पहिलीच ओळ अशी होती: या क्लाससाठी कुठल्याही घराण्यात जन्मावं लागत नाही.

पुढे ताकद लिहिली होती. सोबती पडला की याने उभं राहून त्याचं दुःख नेमक्या शब्दांत बोलायचं, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, पडलेला उठतो. मग उणेपणा. आपलं स्वतःचं गाऱ्हाणं याला घालता येत नाही, ते दुसऱ्याने घालावं लागतं. मागच्या बाजूला त्याने एक नमुना लिहिला होता: "बा देवा म्हाराजा, न्हंयपलीकडल्यान येवन ज्या बापान हंय घाम गाळलो, त्याच्या घराक आयलो-गेलो म्हणू नको, आणि कोणाक म्हणूक देव नको." खाली बारीक अक्षरात: हा क्लास शेटांनी घ्यावा. त्यांना बोलता येतं.

मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि फासे टाकत राहिलो. किती पडले ते मुलीने सांगितलं, मला वाचता आलं नाही.

दोन दिवसांनी त्याच्या कचेरीत गेलो. माफी मागायचीच म्हणून गेलो होतो. दुपारची सुट्टी होती, तो डब्यातल्या भाजीबरोबर उंडो पाव खात होता. मी समोरची खुर्ची ओढली, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: तू परत ये, मी सौदागर मागे घेतो, तुझा क्लास आणू, फक्त त्याला थोडं चिलखत देऊ, म्हणजे दोघांचंही राहील.

त्याने हातातला घास खाली ठेवला. "शेटानू, माका काय विकूक इल्यात?"

तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. माफ कर, हे साधे दोन शब्द म्हणायला मी गेलो होतो. खरं सांगायचं तर, त्याही क्षणी माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता की याचा चुलता यंदाही तीच ओळ म्हणणार. पुढे जत्रेत ती त्याने म्हटलीही. पण त्या ओळीचा राग मी ज्याच्यावर काढला, गावात ती बदलावी असं वाटणारा तोच एकटा होता. हे मला आज कळतं असं नाही, त्या खुर्चीतच कळलं होतं. तरी मी विचार कर म्हणून उठलो, जसा न जमलेल्या सौद्यावरून उठतो.

तो परत आला नाही. मी बाईंना सांगून सौदागर काढून टाकला आणि त्याने लिहिलेला क्लास घेतला, कागदावर होता तसाच, कशाचीही घासाघीस न करता. वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं. बोलता तर मला येतंच.

पहिल्याच रविवारी मुलीचं पात्र एका विहिरीत पडलं. फासा टाकला, एकचा आकडा आला, म्हणजे ते मरायला टेकलं. बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी उठून उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा" एवढं म्हटलं आणि पुढे काय म्हणायचं ते शोधू लागलो. दोन वर्षं मी या मेजावर दर रविवारी बोललो होतो. माझा बाप, माझे पत्रे, माझी ओळ, सगळं त्या मुलीला पाठ होतं.

शेवटी मी तिलाच विचारलं, "तुझं दुःख काय गो?"

"काका, पात्राचं की माझं?" ती म्हणाली.

मला दोन्ही ठाऊक नव्हती.